बांधावरची आग

एप्रिल-मे महिन्यांत लातूर जिल्ह्यात औशाकडून निलंग्याकडे निघालो, की दुतर्फा शेतांच्या बांधांवरून धुराच्या रेघा उठताना दिसतात. पेरणीआधी बांध साफ करायचा म्हणून वाळलेले गवत पेटवलेले असते. अशाच एका बांधावर आम्ही एक जुनी चिंच पाहिली. बुंधा एका बाजूने कोळसा झालेला, आत पोकळी, वरच्या अर्ध्या फांद्या वाळलेल्या. मालक म्हणाले, "आम्ही गवताला लावली होती, झाडाला नाही." ते खोटे बोलत नव्हते.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. इथली झाडे म्हणजे बांधावरच्या बाभळी, कडुनिंब, चिंचा, आंबे. ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या मालकीची. शेजारच्या नांदेडमध्ये किनवट-माहूरच्या डोंगरांत मात्र सागाचे खरे जंगल आहे. (किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते.) तिथे सरकारी जंगलाला लागूनच गोंड, कोलाम, आंध शेतकऱ्यांच्या शेतांतही साग उभा असतो. तेव्हा 'खाजगी जंगल' या शब्दाचा अर्थ या दोन जिल्ह्यांत एकच नाही.

आपल्याकडे आगीपासून जंगल वाचवण्याचा पद्धतशीर प्रयत्न सुरू झाला तो सरकारी जंगलात. १८६० च्या दशकात कर्नल पिअरसन यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात तो करून पाहिला. उन्हाळ्याआधी जंगलाभोवतीचा पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. यालाच वनखाते जाळरेषा म्हणते. गंमत अशी, की पुढे ब्रह्मदेशातल्या वनाधिकाऱ्यांमध्येच उलट शंका निघाली. आग अगदी बंद केली तर सागाची नवी रोपे कमी दिसतात, असे स्लेड यांनी १८९६ साली मांडले. कोरड्या पानगळी जंगलातला साग हलकी आग सोसतो. रोप वरून जळाले तरी मुळाच्या माथ्यावरून पुन्हा फुटते. वाद बरीच वर्षे चालला. पण हा सगळा विचार सरकारी जंगलापुरता होता. १९२७ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवले आणि तिथे हक्क असणाऱ्यांना आग विझवायला मदत करणे बंधनकारक केले.

खाजगी झाडांचे काय? हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या १९४९ साली संपल्या. महाराष्ट्रात १९६४ साली वृक्षतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडे तोडायला परवानगी लागू लागली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने शेतातील झाडांवर धारकाचा हक्क मान्य केला. आदिवासींकडून ठेकेदार पडेल भावात साग घेत, म्हणून १९६९ साली त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी वेगळा कायदा आला. ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने सरकारजमा झाली; लहान धारकांची जमीन परत करण्याची तरतूद १९७८ साली करावी लागली. मुंबई-ठाणे भागातले त्यावरचे खटले २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. या साऱ्या कायद्यांचा मुख्य प्रश्न एकच होता: झाड कोणाचे आणि तोडायचे कोणी? ते निरोगी कसे राहील, ही चौकशी क्वचितच झाली. आमच्या मते यातून एक वाईट वळण पडले. हिरवे झाड तोडायला परवानगीचे हेलपाटे, वाळलेल्या झाडाला मात्र ती सहज. सावलीने पीक मारणारे झाड बुडाशी पेटवून 'वाळवणे' हा मग सोपा मार्ग ठरतो.

आता पुन्हा त्या चिंचेकडे. सालीच्या आत कँबियम नावाचा विभाजी ऊतीचा पातळ थर असतो. खोडाची वाढ तिथे होते. तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसला पोचले, की या पेशी मरतात. साल हे त्यांचे पांघरूण. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड, तर वेळ चौपट. ढोबळ हिशोबाने अर्धा सेंटिमीटर सालीला मिनिटभराची आच पुरते. दोन सेंटिमीटर सालीला दहा-बारा मिनिटे लागतात. गवताची आग एका जागी मिनिटभरही टिकत नाही. मग जाड सालीची चिंच का मेली?

कारण बुडाशी गवत नव्हतेच नुसते. तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे गोळा करून शेतकरी झाडाच्या बुंध्याशी टाकतात; नांगराच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ती सोयीची जागा. बांधावरून पळत आलेली आग त्या ढिगात शिरते आणि तासन् तास धुमसते. साल तेवढा वेळ तग धरू शकत नाही. एकदा जखम होऊन लाकूड उघडे पडले, की त्यात कीड आणि बुरशी शिरते. पुढच्या वर्षीची आग थेट त्या पोकळीत पेटते. असे तीन-चार उन्हाळे, की झाड वाऱ्याने पडते.

किनवटकडे ढिगांची जागा घाणेरी घेते. साग जानेवारीपासून पाने टाकू लागतो. ती मोठी, कोरडी पाने एकट्याने जळाली तर ज्वाळा गुडघ्याएवढी. घाणेरीचे जाळे मध्ये असेल तर तीच ज्वाळा शेंड्याकडे चढते. म्हणून शेतातला साग राखणाऱ्याने फेब्रुवारीपूर्वी घाणेरी उपटावी, दोन-तीन मीटरचा पट्टा झाडून घ्यावा, दाट वाढलेली बारीक झाडे विरळ करावीत. लातूरच्या बांधावर याहून कमी काम आहे: बुंध्याभोवती दोन हात जागा खरवडायची आणि ढीग दुसरीकडे घालायचा.

शाळेजवळ बाभूळ किंवा कडुनिंब तोडलेला असेल तर त्याच्या खुंटावर मुलांना सालीची जाडी पट्टीने मोजायला सांगा. वरचे वर्गाचे प्रमाण वापरून ते झाड किती मिनिटे तगले असते, हे आठवीची मुले सहज काढतात.