आसूदची उतरण आणि लेथवरची चकती

दापोली समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास आहे आणि आमचं मुरुड समुद्राला टेकलेलं. मधला रस्ता आसूदवरून खाली येतो. गाडी दुरुस्तीच्या धंद्यातली माझी पन्नास वर्षं या आठशे फुटांवर गेली. वर चढताना गाडीचं इंजिन तापतं, ते सगळ्यांना दिसतं. बॉनेट उघडतात, पाणी ओततात. खाली उतरताना ब्रेक तापतात, ते कोणी बघत नाही. बारा-तेराशे किलोची माणसांनी भरलेली गाडी हा उतार नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात आठ-नऊ लिटर पाण्याला उकळी येईल. ती सगळी आधी चार चाकांतल्या लोखंडात शिरते, त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांत.

मुरुडला चाकाची सवय उशिरा लागली. आमच्या गावचे महर्षी कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले, भर पावसात. आणि तिथे पोचल्यावर मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. माझ्या आजीच्या काळी मुंबई म्हणजे हर्णैची आगबोट. पडावातून आगबोटीपर्यंत जायचं, तिथून वर चढायचं. १९४८च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणचा माणूस बोटीवरून रस्त्यावर आला. रस्त्यावर आला म्हणजे घाटात आला, आणि घाटात आला म्हणजे ब्रेकवर आला.

मी १९७३ साली सोळाव्या वर्षी दापोलीत एका गॅरेजमध्ये शिकायला लागलो. उस्तादांना सगळे चाचा म्हणत. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या फियाट, अँबॅसिडर, जीप सगळ्या ड्रम ब्रेकच्या. चाकाच्या आत लोखंडी ड्रम, ड्रमच्या आत दोन शू, शूवर लायनर. जुन्या लायनरचे रिव्हेट छिन्नीने उडवायचे, नवा लायनर बसवून रिव्हेट ठोकायचे, मग ड्रमच्या आतून खडू फिरवून शू आत घालून बघायचा. जिथे खडू लागला तिथे लायनर टेकतो, बाकीचा हवेत. कानशीने घासत घासत पूर्ण लायनरला खडू लागेपर्यंत चाचा मला उठू देत नसत. त्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ड्रममधली काळी भुकटी आम्ही तोंडाने फुंकून उडवत होतो, आणि ती फुप्फुसाला काय करते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आज माझ्या हाताखालच्या पोराला मी फुंकू देत नाही. ओल्या फडक्याने पूस म्हणतो.

उतरणीवर तापून तापून ड्रमचा गोलपणा जायचा. आमच्या भाषेत ‘ड्रम ओव्हल झाला’. ब्रेक दाबला की पॅडल पायाला ठोके द्यायचं. मग ड्रम उतरवून लेथवर न्यायचा. शेजारच्या वर्कशॉपात हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ होता. ड्रम चकमध्ये धरायचा, हळू फिरवायचा, हत्यार टेकवायचं. पहिल्या कापात हत्यार कुठे लागतं आणि कुठे सुटतं ते कानाने कळतं. खर्र, गप्प, खर्र, गप्प. तो आवाज सलग झाला की ड्रम गोल झाला. नवा ड्रम मुंबईहून मागवावा लागे, आठ-पंधरा दिवस गाडी उभी. म्हणून बदलण्याचा विचार शेवटी. आधी घासून बघायचं.

पण चाचांचा नियम घासण्याच्याही आधीचा होता. ‘पोरा, आधी मोज. मग हात लाव.’ ड्रमचा आतला व्यास ते कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी घेत आणि खडूने भिंतीवर लिहीत. ड्रम घासून आतून जेवढा मोठा झाला तेवढा पातळ झाला. पातळ ड्रम लवकर तापतो आणि फुटूही शकतो. भिंतीवरचा आकडा हद्दीच्या बाहेर गेला की चाचा तो ड्रम घणाने फोडून भंगारात टाकत. अखंड ठेवला तर कोणीतरी पुन्हा बसवेल, ही त्यांची भीती.

डिस्क ब्रेक ही काही नवी गोष्ट नव्हती, आमच्यापर्यंत उशिरा आली एवढंच. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच तिचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे, ते कर्कश किंचाळत आणि लवकर झिजत. धातूऐवजी दुसरं काही घासायला लावायचं ही खटपट तिथेच हर्बर्ट फ्रूड १८९७पासून करत होता. त्याच्या फेरोडो कंपनीचं नाव आमचे जुने मेकॅनिक घ्यायचे. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार पहिली आली आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. आपल्याकडे मद्रासेत १९६२ साली ब्रेक्स इंडिया आणि १९६४ साली रानेची लायनरची कंपनी उभी राहिली.

माझ्या हाताला डिस्क लागली १९९० साली. तोवर मुरुडात माझं स्वतःचं गॅरेज झालं होतं. एक मारुती ८०० आली, पुढचं चाक काढलं, तर ड्रमच्या जागी उघडी चकती. दोन्ही बाजूंनी पॅड. सगळं डोळ्यांसमोर, वारा लागणारं. उतरणीसाठी हीच वस्तू हवी होती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. वर्षभरात मी जुना लेथ घेतला, डिस्क घासता याव्यात म्हणून.

आणि मग नवी तक्रार सुरू झाली. ‘डिस्क बेंड झालीय.’ ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं. सुरुवातीची काही वर्षं मीही बेंड समजून सरळ लेथवर चढवत होतो. महिन्या-दोन महिन्यांनी तीच गाडी परत. चाचांचं वाक्य आठवलं आणि डायल गेज विकत घेतला. काटा बघायला लागल्यावर कळलं की वाकडी म्हणून आलेली डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन भागसुद्धा कमी-जास्त झाले, तरी पायाला कळतं. घाट उतरून तापलेली गाडी ब्रेक दाबून एका जागी उभी ठेवली, की पॅडचा थर तेवढ्याच जागी डिस्कला चिकटतो. तिथून सुरुवात होते.

दुसरं कारण आमच्या किनाऱ्याचं. खारी हवा. हब आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंजाची पापडी धरते. केसाएवढी पापडी आत राहिली तरी बाहेरच्या कडेला डिस्क डुलते. डुलणारी डिस्क दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी शिवते आणि तिथेच झिजते. अशी डिस्क लेथवर घासून त्याच गंजक्या हबवर परत बसवली, तर सगळी मेहनत वाया. नवी आणून बसवली तरी वाया. आधी हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लख्ख करायचा, मग गेज लावायचा. चाकाचे नटसुद्धा समोरासमोरचे, थोडे थोडे, सारखे आवळायचे. हवेच्या गनने एका दमात आवळलेलं चाक नवी डिस्कसुद्धा डुलवतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब माझ्याकडे आलं. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हाप्रळ, मंडणगडवरून मुरुडला पोचले होते. स्टेअरिंग थरथरत होतं. घरून निघण्याआधी एका वर्कशॉपने दोन्ही डिस्क आणि पॅड बदलायला सांगितले होते, बरेच हजार रुपये. मी विचारलं, ‘ताई, त्यांनी डिस्क मोजली का?’ त्या म्हणाल्या, ‘काका, चाकच काढलं नाही त्यांनी.’ चाक काढलं. डाव्या हबवर गंज. गेज लावला, मग हब साफ करून पुन्हा लावला, काट्याचं डुलणं निम्म्याहून कमी झालं. दोन्ही डिस्कची जाडी मोजली, अजून भरपूर होती. लेथवर दोन्ही बाजूंनी हलका काप घेतला, कारण एका चाकाची घासून दुसऱ्याची तशीच ठेवायची नसते. संध्याकाळी त्या स्वतः गाडी दापोलीपर्यंत चढवून परत उतरवून आल्या. थरथर गेली होती.

सगळ्याच डिस्क घासाव्यात असं मी म्हणत नाही. तडा गेलेली, किमान जाडीला पोचलेली डिस्क मी चाचांसारखीच फोडून टाकतो. तापून निळे डाग पडलेलीही बदलायला सांगतो. त्या जागचं लोखंड इतकं कडक झालेलं असतं की घासल्यावरही काही दिवसांनी तीच जागा उंचवटे धरते. हल्लीच्या काही डिस्क मुळातच पातळ येतात, त्यांना घासायला वावच नसतो. नवी डिस्क दापोलीत दुसऱ्या दिवशी मिळते, लेथवर उभा राहणारा माणूस मिळत नाही. हिशेब बदलला, हे मला मान्य आहे. न मोजता बदलणं मात्र मला मान्य नाही. तो माझ्या लेखी कामचुकारपणा आहे.

आणि एक मागणं पाहुण्यांना. उतरणीला गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक सतत दाबून धरू नका. खाली आल्यावर गाडी सरळ समुद्राच्या पाण्यात घालू नका. तापलेल्या लोखंडावर खारं पाणी पडतं आणि ओली वाळू पॅडमध्ये शिरते. भरती आली की गाडी रुतते, मग ओढायला गावचीच माणसं लागतात. गाडी नारळाच्या सावलीत लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, किनाऱ्यावर पायी जा. परत गेल्यावर कोणी डिस्क बदला म्हणालं तर चाक काढायला सांगा. डिस्कवर ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे किमान जाडीचा आकडा असतो. तो तुमच्या डोळ्यांनी वाचा आणि मेकॅनिकला तुमच्यासमोर मोजायला लावा.