सागरी कृमींचे संरक्षण : नाव, नमुना आणि कायदा

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा सागरी जीवांशी काही संबंध असावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. येथील पवना व इंद्रायणी यांचे पाणी भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास मिळते. अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे राहतो. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे कारखानदारी हीच या भागाची ओळख ठरली. तथापि भारतीय प्राणी सर्वेक्षणाने १९५९ मध्ये पुण्यास स्थापिलेले पश्चिम प्रादेशिक केंद्र आज याच पट्ट्यात, आकुर्डी येथे आहे. आणि पश्चिम भारतातील प्राण्यांचे नमुने जमविणे, ओळखणे व जतन करणे हे त्याचे कार्य होय.

भारतीय सागरी कृमींच्या नामकरणाचा इतिहास या केंद्राहून जुना आहे. प्राणी सर्वेक्षणाची स्थापना १९१६ मध्ये कलकत्त्यास झाली. तेथील इंडियन म्युझियममधील पॉलिकीट कृमींचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर फोव्हेल यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये त्यांचाच या वर्गावरील ग्रंथ 'फॉना ऑफ इंडिया' मालेत निघाला. या विद्येत सारी भिस्त नमुन्यावर असते. कृमीच्या पार्श्वांगावरील सूक्ष्म शूकांची घडण पाहून जाती ठरते आणि बाटलीतील चिठ्ठीवरून स्थळ व काळ कळतो.

कायद्याचा मार्ग निराळा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची दृष्टी मुख्यतः वनांकडे होती. २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या व काही शंख-शिंपले त्याच्या अनुसूचींत आले. सागरी वलयी कृमींचा मात्र त्या भरतीत समावेश नव्हता. हे अटळ होते असे नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याच्या परिशिष्टात खाऱ्या सरोवरांतील अर्मांडिया सिऱ्होसा व अल्कमारिया रोमिजनी या दोन कृमींना नावानिशी स्थान मिळाले.

या उपेक्षेस भाषेचेही एक कारण आहे. कोकणात तिसऱ्या, खुबे, कालवे, शेवंड, चिंबोरी असे नेमके भेद रूढ आहेत, कारण हे जीव खाल्ले व विकले जातात. ग्रांथिक मराठीत वलयी जीवांसाठी 'कृमी' हा एकच व्यापक शब्द उरतो, आणि त्यास रोग व कुजणे यांचा वास आहे. 'कृमिनाशक' हा शब्द सर्वांस परिचित आहे. 'कृमिरक्षण' हा शब्द कानास खटकतो. वस्तुतः हेच जीव किनाऱ्याचा चिखल उकरून त्यात प्राणवायू खेळवितात, आणि मासे व चिखलपक्षी यांचे अन्न होतात.

नावाविना प्रदेशाचे रक्षण करता येते, असा आक्षेप येथे संभवतो, आणि तो निराधार नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रातील अनाम जीवही आपोआप आले. परंतु ते रक्षण सफल झाले की नाही, हे जाती ओळखल्यावाचून कळत नाही. सेंद्रिय घाणीने दूषित झालेल्या चिखलात कॅपिटेला कृमी विपुल वाढतात. तेव्हा केवळ 'कृमी' मोजणाऱ्यास तेथे भरभराट दिसेल, मग इतर जाती नाहीशा झालेल्या का असेनात. शिवाय १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने दाखविले की, कॅपिटेला कॅपिटाटा या एका नावाखाली सहा भिन्न जाती दडल्या होत्या. एक जाती मानून केलेली गणना त्यांतील एखादीचा लोप सहज झाकू शकली असती.

यावरून सागरी कृमींच्या संरक्षणाचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम नमुना, मग नाव, मग कायदा. खाडी बुजविली गेल्यावर तेथे काय होते याची साक्ष दिनांकित नमुन्याखेरीज अन्य कोणी देऊ शकत नाही. ती बाटली समुद्रापासून किती दूर आहे, हा प्रश्न गौण होय. ती जपली जाते काय, आणि तिच्यातील जीव ओळखू शकणारा अभ्यासक पुढील पिढीत तयार होतो काय, हे प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत.