तळघर नसलेल्या खोल्या

निवृत्त मारेकऱ्याच्या सूडपटांत एक दृश्य जवळजवळ ठरलेले असते. 'जॉन विक' (२०१४) मध्ये नायक घण घेऊन तळघराची काँक्रीटची जमीन फोडतो आणि पुरून ठेवलेली शस्त्रे बाहेर काढतो. त्याआधी त्याने धंदा सोडलेला असतो, संसार केलेला असतो. जगाने त्याला पुन्हा छेडले, म्हणून तो परततो. आणि आपण निःशंक मनाने त्याच्या बाजूला उभे राहतो.

ही कथा लालबाग-परळमध्ये आणून पाहिली तर आधी जागाच अडवते. दहा बाय दहाच्या खोलीला तळघर कुठले? सामाईक गॅलरीत कोणाचा भूतकाळ झाकून राहतो? पण खरी अडचण 'माजी' या शब्दाची आहे. माजी होण्यासाठी दुसरे काहीतरी होता यावे लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि असंख्य कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. त्यांच्या मुलांपैकी जे टोळ्यांत गेले, त्यांनी टोळी सोडून जायचे कुठे?

सूडाचेही तेच. जुलै १९९२ मध्ये नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर याची हत्या झाली. सप्टेंबरात तिचा बदला जे. जे. रुग्णालयात घेतला गेला आणि त्यात पहाऱ्यावरचे पोलीसही बळी पडले. गोळ्या झाडणाऱ्यांचे दुःख त्यात कितीसे होते? वैर वरच्यांचे, हात पगारी पोरांचे. एकट्या, शोकमग्न नायकाला या व्यवहारात जागाच नव्हती.

म्हणूनच या भूमीतील महत्त्वाच्या कृतींनी परतणाऱ्या सूडनायकाचा मोह टाळला असावा. 'वास्तव' (१९९९) मधला रघू परततो तो घरी, आणि त्याची आईच त्याच्यावर गोळी झाडते. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) मध्ये तर टोळीत गेलेला नरू हा कुटुंबातील अनेकांपैकी एक. एक भाऊ साहित्यात, दुसरा क्रिकेटमध्ये गुंतलेला. पिस्तूल ही त्या घरातील बेकारीची आणखी एक तऱ्हा. नरू मारला जातो, त्याचा सूड मात्र नाटक घेत नाही. प्रेक्षकाला त्या सुटकेपासून वंचित ठेवणे हे आम्हांला पवारांचे मोठे धाडस वाटते.

'दगडी चाळ २' (२०२२) मध्ये अखेर तो नायक अवतरला. डॅडींपासून दूर होऊन संसारात रमलेला सूर्या पुन्हा त्याच जगात ओढला जातो. चित्रपट रंजक आहे, हे मान्य. पण तो आला तेव्हा फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहून बराच काळ लोटला होता, आणि गिरणीच्या भोंग्यावर जागे झालेले प्रेक्षक त्याच्यासमोर थोडेच उरले होते.