बालांगिगाच्या घंटा

फिलिपाइन्सच्या द्वीपसमूहात लुझॉन आणि मिंदानाव यांच्या खालोखाल मोठे बेट समार. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लेयतेच्या आखातात उतरणाऱ्या एका नदीच्या मुखाशी बालांगिगा हे गाव वसलेले आहे. कारभाराच्या भाषेत ही नगरपालिका. परंतु नगरपालिका म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते येथे शोधू नये. तेरा वाड्या, मिळून माणसे सुमारे चौदा हजार, बोली वाराय. माड, भात, मासळी आणि केळीच्या जातीतल्या अबाका झाडाचा वाख, यांवर येथील पिढ्या जगत आल्या. माडाची माडी तेथेही काढतात; तिला तुबा म्हणतात आणि कांदळाची साल घालून तांबडी करतात. आमच्या कोकणातला माणूस तेथे जाऊन पडला तर त्याला भाषेखेरीज फारसे काही परके वाटू नये.

या गावाची ओळख व्हायची तर ती त्याच्या घंटांवाचून होणार नाही. स्पॅनिश लोकांनी ही बेटे घेतली तेव्हा वस्त्या रानोमाळ विखुरलेल्या होत्या. त्या उठवून चर्चभोवती आणून बसवाव्यात हे त्यांचे राज्यतंत्र. चर्चच्या घंटेचा आवाज जेथवर पोचेल तेथवर गाव, आणि ‘घंटेखाली’ राहणारा तो प्रजाजन. डोंगरात निघून गेला तो बंडखोर किंवा रानटी. म्हणजे घंटा आली ती सत्तेची खूण म्हणून. परंतु तीनशे वर्षे एखादी वस्तू उशापायथ्याशी राहिली की ती कोणी आणली हे माणसे विसरतात. प्रार्थनेची वेळ घंटेने कळे, कोणी गेले तर घंटेने कळे, दक्षिणेकडचे लुटारू पडाव घेऊन आले तर घंटेनेच कळे. बालांगिगाच्या चर्चमध्ये अशा तीन घंटा होत्या. तिन्ही एकोणिसाव्या शतकातल्या, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या वेळच्या.

१८९८ च्या डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात ही बेटे अमेरिकेला दिली. ज्यांची बेटे त्यांना कोणी विचारले नाही. १८९९ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटले. समारमध्ये जनरल व्हिसेंते लुकबान गनिमी काव्याने लढत होता. त्याची रसद तोडण्यासाठी अमेरिकनांनी बेटाची बंदरे बंद करण्याचा मार्ग धरला, आणि त्याच हेतूने ११ ऑगस्ट १९०१ रोजी नवव्या पायदळ पलटणीची ‘सी’ कंपनी बालांगिगात उतरली. शिपाई ७४, कप्तान टॉमस कॉनेल.

पहिले काही आठवडे बरे गेले. शिपाई आणि गावकरी एकत्र तुबा पीत. मग वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार म्हणून कॉनेलने गाव साफ करण्याचा हुकूम काढला. साहेबाच्या डोळ्याला जे रान दिसत होते त्यात गावकऱ्यांच्या पोटाची कंदमुळेही होती. तशात तुबाच्या दुकानावरील एका मुलीशी दोन शिपायांनी दारूच्या धुंदीत अतिप्रसंग करण्याचा प्रयत्न केला आणि तिच्या भावांनी त्यांना बदडले. कॉनेलने गावातले पुरुष धरून आणले. त्यांतल्या सत्तरांहून अधिक जणांना प्रत्येकी सोळा माणसांच्या दोन तंबूंत उपाशी कोंडले. कोयते काढून घेतले, साठवलेले तांदूळ जप्त केले.

येथे इतिहासकारांचा वाद आहे. गावप्रमुख पेद्रो आबायान याने मे महिन्यातच लुकबानला पत्र लिहून कळवले होते की, आम्ही वरकरणी अमेरिकनांशी गोडीने वागू आणि वेळ येताच उठू. म्हणजे कट जुना, असे एक पक्ष म्हणतो. रोलांदो बोरिनागा यांच्यासारखे संशोधक गावावर झालेल्या जुलमाकडे बोट दाखवतात. आम्हांला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. पत्राने माणसे उठत नाहीत. मात्र उपाशी कोंडलेल्या माणसाला असे पत्र आयतेच उपयोगी पडते.

२८ सप्टेंबरच्या सकाळी शिपाई न्याहारीला बसले होते. आदल्या रात्री बायकामुले गावाबाहेर गेली होती आणि बायकांच्या वेषातले पुरुष लहान शवपेट्या घेऊन चर्चमध्ये शिरले होते; पेट्यांत कोयते. गावच्या पोलिसांचा प्रमुख व्हालेरियानो आबानादोर याने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावून त्याला पाडले. घंटा वाजली. कंपनीतले ४८ लोक मेले किंवा बेपत्ता झाले. अंगावर ओरखडाही न उठता वाचले ते चारच. कॉनेल मेला. गावकरीही पडले, फिलिपिनो संशोधकांच्या हिशेबाने सुमारे २८.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन फौज परतली आणि तिने गाव जाळले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथने मेजर वॉलरला सांगितले की, कैदी नकोत, आणि शस्त्र धरण्याजोगा प्रत्येक जण मारावा. वयाची मर्यादा कोणती, असे वॉलरने विचारले. दहा वर्षे, असे उत्तर मिळाले. वॉलरने तो हुकूम अक्षरशः पाळला नाही एवढे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. तरी गावेच्या गावे जळाली आणि माणसे किती मेली याचा हिशेब आजही जुळत नाही. १९०२ मध्ये स्मिथवर लष्करी खटला झाला. शिक्षा काय? समज देण्यात आली. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्याला निवृत्त केले.

जळलेल्या चर्चच्या तिन्ही घंटा विजेत्यांनी नेल्या. दोन वायोमिंग राज्यातल्या शायेन येथील लष्करी तळावर गेल्या, तिसरी नवव्या पलटणीबरोबर फिरत अखेर दक्षिण कोरियात राहिली. युद्धात घंटा नेणे नवे नाही. वसईच्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीला आपणही मोठ्या कौतुकाने पाहतो. आम्हीही पाहिल्या आहेत, आणि त्या कोणत्या गावाच्या, हा प्रश्न त्या वेळी मनात आला नव्हता.

बालांगिगाने घंटा मागणे सोडले नाही. १९९० नंतर राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी प्रयत्न केले. वायोमिंगमधल्या माजी सैनिकांनी विरोध केला. त्यांच्या दृष्टीने ते मृत सोबत्यांचे स्मारक होते, आणि हे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या पुस्तकांत या घटनेचे नाव ‘कत्तल’. गावाने ‘चकमक’ हा शब्द धरला. मधल्या काळात २०१३ च्या ८ नोव्हेंबरला जवळच्या गिवान येथे भयंकर वादळ आदळले आणि किनाऱ्यावरचे माड आडवे झाले. माड लावल्यावर फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नुकसानीची कल्पना यावी.

अखेर ११ डिसेंबर २०१८ रोजी तिन्ही घंटा विमानाने मनिलाजवळ उतरल्या आणि १५ डिसेंबरला बालांगिगाच्या स्वाधीन झाल्या. एकशे सतरा वर्षे लोटली होती. फिलिपिनो लोक नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटे अंधारात उठून चर्चला जातात; त्यांतली पहिली पहाट १६ डिसेंबरची.