कालव्यातली थांबलेली लाट

नीरा डावा कालवा म्हणजे शंभरेक मैल लांबीचं भांडण, असं म्हटलं तर बारामतीत हसतील आणि इंदापुरात माना डोलावतील. १८७६-७७च्या दुष्काळाने सरकारला हलवलं, १८८०च्या दशकात पाणी वाहू लागलं, आणि पुरंदरमधून बारामतीत व तिथून इंदापुरात जाणाऱ्या या कालव्यावर वरच्याने किती घेतलं, टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला किती उरलं, हा वाद कायमचा मुक्कामाला आला. दख्खनच्या कालव्यांवर या वादासाठी जे मोजमापाचं साधन आलं, त्यात ना चाक आहे ना काटा. बाजूंनी आवळलेला, तळ थोडा उचललेला बांधीव गळा, पुढे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी जागच्या जागी खळखळणारी एक लाट. खात्याच्या कागदांत ते ‘स्टँडिंग वेव्ह फ्लूम’. बोलताना नुसतं फ्लूम.

सुरुवातीला पाणी मोजण्याची निकड कुणालाच नव्हती. पाणीपट्टी ठरे ती भिजलेल्या क्षेत्रावर. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आली तीही क्षेत्र आणि पिकं बांधून देणारी. मग ऊस वाढला, हात सैल सुटून पाणी दिलं गेलं, आणि कालव्याकाठच्या काळ्या जमिनी चोपण होऊ लागल्या. १९१६मध्ये मुंबई इलाख्याने ‘स्पेशल इरिगेशन डिव्हिजन’ काढलं. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ती हीच. तिथला क्लॉड इंग्लिस हा डब्लिनचा इंजिनिअर. फाट्यात नेमकं किती पाणी शिरतं हे कळल्याशिवाय नासाडी कुठे होते ते कळणार नव्हतं. अर्थात सरकारला शेतकऱ्याच्या जमिनीइतकीच आपल्या महसुलाची काळजी होती, हेही खरंच.

मोजायची जुनी रीत म्हणजे आडवी भिंत घालून पाणी तिच्यावरून खाली पाडायचं. पण त्यासाठी चांगला पड लागतो, आणि हळूवार उताराच्या कालव्याला तो परवडत नाही. शिवाय भिंतीमागे गाळ साचतो. पंजाबात क्रम्प या इंजिनिअरने १९२२मध्ये गळा आवळून मोजण्याची दुसरी वाट दाखवली. त्याच सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोच्या पाटांवर पार्शलही त्याच खटाटोपात होता. इंग्लिसने इकडच्या कालव्यांसाठी केलेला विचार १९२८मध्ये मुंबईच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा तांत्रिक निबंध क्रमांक १५ म्हणून छापून आला. इंग्लिसचं नाव नद्यांच्या अभ्यासासाठी घेतात; मला त्याचं हे दगडी काम जास्त लक्षात राहण्यासारखं वाटतं.

कारण त्यात लाटेचा एक गुण कामाला जुंपलेला आहे. लाटेची उंची मोजता येते, दोन शिखरांमधली लांबी मोजता येते, एका सेकंदात किती लाटा गेल्या तेही मोजता येतं. लांबीला या संख्येने गुणलं की वेग मिळतो. पण पाणी उथळ आणि लाट लांब असली, तर वेग लाटेवर अवलंबूनच राहत नाही, फक्त खोलीवर राहतो. अठराव्या शतकात लाग्रांजने हे गणिताने काढलं: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ घ्यायचं. मीटरभर पाण्यात लाट सेकंदाला ३.१ मीटर जाते, पाव मीटरमध्ये निम्मीच, १.६ मीटर.

कालव्याचं पाणी सहसा सेकंदाला मीटरभरही जात नाही. म्हणून खाली कुणी गेट पाडलं की त्याची वर्दी लाटेवर बसून उलटी वर चढते आणि वरची पातळी फुगते. फ्लूमच्या गळ्यात मात्र पाणी उथळ होतं आणि वेगही घेतं. एका ठिकाणी पाण्याचा वेग लाटेच्या वेगाइतका होतो, पुढे उतारावर त्याहून जास्त. तिथून वर चढणं लाटेला जमत नाही. ती पायथ्याशी अडून उसळत राहते. ट्युरिनच्या बिदोनेने १८१८मध्ये अशा उसळीची मोजमापं घेतली होती. स्वयंपाकघरात नळाची धार बेसिनवर पडते तेव्हा भोवती पातळ गुळगुळीत चकती होते आणि तिच्या कडेला पाणी उभं राहतं. ते याच जातीचं.

लाट वर जाऊ शकत नाही, म्हणजे खालची खबरच वर जात नाही. खाली पातळी कितीही हलो, वरच्या पट्टीवरचं पाणी फक्त आत येणाऱ्या प्रवाहावर ठरतं. एक गेज वाचा, उंचीचा दीड घात घ्या, गळ्याच्या रुंदीने आणि १.७ने गुणा. मीटरभर रुंद गळ्यावर अर्धा मीटर पाणी असेल तर सुमारे २१ क्युसेक. दहा सेंटिमीटर वाढलं की २८. पाटकऱ्याला वर्गमूळ काढावं लागत नाही, तक्ता तयार असतो.

२००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी द्यायचं ठरवलं, तेव्हा या जुन्या गळ्याचं मोल पुन्हा वाढलं. पण त्याची एक अट आहे. खालची पातळी वरच्या उंचीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपलीकडे गेली की लाट बुडते. चारीत गाळ साचला, गवत माजलं, कुणी पुढे आडवी फळी टाकली, की नेमकं हेच होतं. मग खालची खबर वर पोचते, पट्टीवर पाणी फुगलेलं दिसतं आणि तक्ता खऱ्याहून जास्त क्युसेक सांगतो. वहीत पाणी गेलेलं असतं, टेलच्या शेतात ते पोचलेलं नसतं. म्हणून वाचन घ्यायला जाणाऱ्याने गेजकडे वळण्याआधी उताराच्या पायथ्याशी पाहावं. तिथे उसळी नसेल तर एका पट्टीवर भागत नाही, खालची पातळीही घ्यावी लागते.