आधी औषध, मग नेम

ब्लड कॅन्सरच्या औषधांची गोष्ट इमॅटिनिबपासून सांगायची रीत पडली आहे. आधी दोषी प्रथिन सापडलं, मग त्यावर नेम धरून गोळी घडवली, २००१ मध्ये ती बाजारात आली. आरएनएशी संबंधित प्रथिनांवरच्या औषधांचा वंश मात्र असा सरळ उतरत नाही. इथे औषध हाती आलं तेव्हा ते नेमकं कशावर चालतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

जपानच्या फुजिसावा कंपनीने १९९६ मध्ये एका स्यूडोमोनास जिवाणूपासून मिळवलेला एफआर९०१४६४ नावाचा रेणू जाहीर केला. उंदरांतल्या गाठी त्याने आटोक्यात येत, का ते कळत नव्हतं. पुढे २००४ मध्ये मर्शियन आणि आयसाय या जपानी कंपन्यांना स्ट्रेप्टोमायसिस प्लाटेन्सिस या जिवाणूत प्लाडिएनोलाइड सापडलं. ते शोधत होते वेगळंच: ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठीला नव्या रक्तवाहिन्यांसाठी लागणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाची निर्मिती रोखणारं काही तरी.

दोन्ही रेणूंचं ठिकाण एकाच वर्षी, २००७ मध्ये कळलं. रिकेन संस्थेत मिनोरू योशिदांच्या गटाने फुजिसावाच्या रेणूचं टिकाऊ रूप वापरलं. आयसायच्या शास्त्रज्ञांनी प्लाडिएनोलाइडला चमकणारी खूण जोडून पेशीत सोडलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चमक साऱ्या पेशीभर पसरली नाही. ती केंद्रकातल्या ठिपक्यांत गोळा झाली, जिथे स्प्लायसिंगचं, म्हणजे आरएनएच्या कापणी-जोडणीचं, सामान साठलेलं असतं. दोन्ही गट एसएफ३बी या एकाच प्रथिनसमूहापाशी येऊन थांबले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा चमकणाऱ्या खुणेचा प्रयोग.

स्प्लायसिंग म्हणजे काय हे १९७७ पासून माहीत होतं. एमआयटीत फिलिप शार्प आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए आणि त्याचाच आरएनए एकत्र जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. डीएनएचे काही भाग जोडीदार न मिळाल्याने फासे होऊन बाहेर आले होते. जनुकाच्या मधले तुकडे, म्हणजे इन्ट्रॉन, आरएनएतून कापले जातात आणि उरलेले सांधले जातात, हे त्यातून उमगलं. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं. इन्ट्रॉन कापताना त्याच्यातलं एक ठरावीक अ‍ॅडेनिन बाहेर वळतं आणि एसएफ३बी समूहातलं एसएफ३बी१ प्रथिन त्याला आपल्या खोबणीत धरतं. प्लाडिएनोलाइड नेमकं त्याच खोबणीत जाऊन बसतं. २०१८ मध्ये त्या जागेची रचनाच डोळ्यांसमोर आली.

पण औषध म्हणून चाचणी त्याआधीच झाली होती. प्लाडिएनोलाइडपासून बनवलेलं ई७१०७ पहिल्या टप्प्यात गाठीच्या कॅन्सरच्या रुग्णांना देण्यात आलं. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि काम थांबलं. स्प्लायसिंग प्रत्येक पेशीला लागतं, मग कॅन्सरच्या पेशीच तेवढ्या कशा मारायच्या?

या प्रश्नाला वाट फुटली ती रक्ताच्या आजारातून. स्वीडनच्या ब्यॉर्कमन यांनी १९५६ मध्ये काही अ‍ॅनिमियाच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. लोहासाठीचा निळा रंग दिला की तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींच्या केंद्रकाभोवती निळ्या कणांचं कडं दिसे. मायटोकाँड्रियात अडकलेलं लोह ते. अशा रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, आणि यांतल्या काहींचा आजार पुढे ल्युकेमियाकडे झुकतो. २०११ मध्ये जपानच्या सेइशी ओगावांच्या गटाला आणि ब्रिटनमधल्या सँगर संस्थेच्या गटाला या आजारांत, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये (एमडीएस), एसएफ३बी१ जनुकातच बिघाड सापडला. निळं कडं असलेल्या बहुसंख्य रुग्णांत तो होता. त्यामुळे लोह हाताळणाऱ्या एबीसीबी७ या प्रथिनाचा आरएनए चुकीचा कापला जातो आणि लोह साचत राहतं. ब्यॉर्कमन यांच्या निळ्या कड्याचं कारण पंचावन्न वर्षांनी असं कळलं.

आता तर्क जमला. बिघडलेल्या पेशीकडे एसएफ३बी१ची एकच चांगली प्रत उरते. तिच्यावर थोडा जास्त ताण टाकला की बिघडलेली पेशी आधी कोसळेल, निरोगी पेशी तगेल. आयसायच्या अमेरिकेतल्या एच३ बायोमेडिसिनने त्यासाठी एच३बी-८८०० ही गोळी बनवली. चाचणीत ८४ रुग्ण होते. ठरावीक निकषांनी पूर्ण किंवा अंशतः प्रतिसाद एकाचाही भरला नाही. काहींना मात्र दोन महिने रक्त चढवावं लागलं नाही. महिन्याला दोन-तीनदा दवाखान्यात सुई टोचून पडून राहणाऱ्याला विचारा, दोन महिने म्हणजे काय ते. तरी औषध म्हणून ते पुरेसं ठरलं नाही, हेही खरंच.

वंशाची दुसरी शाखाही आयसायचीच. इंडिसुलाम हे सल्फोनामाइड कंपनीने नव्वदीच्या दशकात तयार केलं, अनेक चाचण्या केल्या, मोजक्यांनाच गुण आला आणि ते बाजूला पडलं. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या दीपक निझावन यांच्या गटाने या औषधाला न जुमानणाऱ्या कॅन्सरपेशी वाढवल्या आणि त्यांच्या जनुकांत काय बदललं ते तपासलं. बदल आरबीएम३९ या स्प्लायसिंगच्याच प्रथिनात होते. इंडिसुलाम त्या प्रथिनाला डीसीएएफ१५ या दुसऱ्या प्रथिनाशी चिकटवतं आणि पेशी स्वतःच ते मोडीत काढते. आयसायच्या शास्त्रज्ञांनाही त्याच वर्षी हेच दिसलं. ज्यांच्यात डीसीएएफ१५ भरपूर असतं अशा रक्ताच्या कॅन्सरपेशी याने जास्त मरतात, हा धागा त्यातूनच निघाला. जुन्या चाचण्यांत रुग्ण निवडताना हे कुणाला माहीतच नव्हतं. त्या चाचण्यांना अपयश म्हणताना मला म्हणूनच अडखळायला होतं.

त्याच कुळातलं ई७८२० पुढे स्प्लायसिंगचा बिघाड असलेल्या रक्ताच्या आजारांत १२ रुग्णांना देण्यात आलं. आरबीएम३९ खरोखर कमी झालं, पण हवं तितकं नाही. एका रुग्णाच्या मज्जेतल्या अपरिपक्व पेशी ओसरल्या. आरबीएम३९ अधिक नेटाने मोडीत काढणारे रेणू शोधण्याचं काम आता चालू आहे.