रुळांखालची खडी आणि तिचे कारागीर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची हकीकत मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असते. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. हीच हकीकत पुढे वाढत जाते तेव्हा तीत पूल येतात, घाट येतात, बोगदे येतात. रुळांच्या मधून आणि कडेने पसरलेली खडी मात्र तीत कुठेच येत नाही. पावसाळ्यात एखाद्या दिवशी ‘रुळांखालची खडी वाहून गेली’ अशी बातमी छापून येते, तेवढ्यापुरती ती दिसते आणि गाड्या सुरू झाल्या की पुन्हा नजरेआड होते. आपण रेल्वेचा इतिहास बांधकामाचा इतिहास म्हणून लिहीत आलो, त्याचा हा परिणाम आहे. लोहमार्ग काही एकदा बांधून संपत नाही. प्रत्येक गाडी त्याला तसूभर बिघडवून जाते आणि कोणीतरी रुळांना आडवा आधार देणाऱ्या स्लीपरखाली पडलेली पोकळी पुन्हा भरून काढतो. माझे म्हणणे असे की ही पोकळी भरण्याचे काम हेच लोहमार्गाचे अखंड चाललेले बांधकाम आहे, ते कसबाचे काम आहे, आणि त्याची गणना अकुशल मजुरीत झाली ती त्या कामाच्या स्वरूपामुळे नव्हे, तर ते मोजण्याच्या आपल्या पद्धतीमुळे.

सुट्या दगडांवर एवढा भार टाकावा, हे पहिल्या अभियंत्यांनाही पटलेले नव्हते. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर बऱ्याच ठिकाणी रूळ मोठमोठ्या दगडी ठोकळ्यांवर बसवले होते. भक्कम गाडीला भक्कम पाया, हा त्यामागचा सरळ विचार होता. चॅट मॉस या दलदलीच्या पट्ट्यात दगडी ठोकळे रुतले असते, म्हणून तेथे नाइलाजाने लाकडी आडव्या स्लीपरांचा आधार घेतला. अनुभव उलटा आला. ठोकळे एकेकटे खचत, दोन रुळांमधले अंतर बिघडे आणि गाडीला हादरे बसत. लाकडी स्लीपरांवरचा मार्ग मात्र लवचीक राहिला आणि दुरुस्तीलाही सोपा गेला. काही वर्षांतच ठोकळे मागे पडले आणि खडीत बसवलेल्या आडव्या स्लीपरांची पद्धत रूढ झाली. याचे कारण भाराच्या हिशेबात आहे. चाक आणि रूळ जेथे टेकतात ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. आज भारतातल्या मालगाडीच्या एका आसावर सुमारे २३ टन भार असतो, म्हणजे तेवढ्याशा जागेतून उतरणारा दाब कोणतीही माती सोसू शकत नाही. तो रुळातून स्लीपरात, स्लीपरातून खडीत आणि खडीतून पसरत जमिनीपर्यंत पोचतो. खडी पाण्याला वाट देते, स्लीपरांना आडवे सरकू देत नाही, आणि स्लीपर खचला तर तेवढ्याच जागी उचलून पुन्हा भरता येते. मार्गाची दुरुस्ती शक्य होते ती खडी सुटी असते म्हणूनच.

ही पद्धत भारतात आली तेव्हा प्रत्येक प्रांताने तिला आपापल्या जमिनीप्रमाणे वळण दिले. गंगेच्या मैदानात दगड दूर, म्हणून तेथे भाजलेल्या विटांचे तुकडेही खडी म्हणून वापरले गेले. यार्डांमध्ये इंजिनांतून निघालेली कोळशाची राख चाले. लाकडी स्लीपरांना वाळवी लागे, म्हणून ओतीव लोखंडाचे, पालथ्या वाडग्याच्या आकाराचे ‘पॉट’ स्लीपर आले. दोन पॉट एका आडव्या पट्टीने जोडलेले असत आणि त्यांच्या माथ्यावर भोके ठेवलेली असत, ती आतली खडी तपासून ठासून भरता यावी म्हणून. दख्खनमध्ये तर अजब योग जुळून आला. येथला काळा बेसाल्ट कठीण, कोनदार तुटणारा आणि पाणी न पिणारा. खडीसाठी याहून चांगला दगड शोधूनही मिळायचा नाही. पण हाच बेसाल्ट हजारो वर्षे कुजून जी काळी माती झाली, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना वरची खडी गिळून टाकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानांतून गेलेल्या मार्गाला म्हणूनच कितीही खडी घातली तरी ती पुरी पडत नाही. मध्ये मुरमासारख्या भरड सामग्रीचा थर द्यावा लागतो. एकच खडक वर साथ देतो आणि खाली घात करतो. अशा मुलखात एकदा बांधलेला मार्ग तसाच टिकेल, ही कल्पनाच फोल होती.

भोर घाटाच्या कामाकडे या नजरेने पाहिले तर चित्र बदलते. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास मजुरांची संख्या बेचाळीस हजारांवर पोचली होती. पटकीने आणि अपघातांनी माणसे मेली, १८५९ साली मजुरीवरून दंगल झाली. दगड फोडणे आणि माती उचलणे हा ज्यांचा परंपरेने धंदा, ते वडार अशा कामांवर देशभर होते. इयन कर या इतिहासकाराने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतीय रेल्वे उभारणाऱ्या मजुरांना इतिहासात जागा दिली, हे मोठे काम झाले. पण त्या ग्रंथाचाही विषय उभारणी हाच आहे, १८५० ते १९०० या अर्धशतकातली. घाट खुला झाला, कंत्राटदाराचे तंबू उठले, आणि त्याच दिवसापासून दुसरे काम सुरू झाले. दर काही मैलांना एक गँग, तिच्यावर एक मुकादम, रोज आपल्या टप्प्यातून पायी जाऊन रूळ पकडून ठेवणाऱ्या किल्ल्या आणि बोल्ट तपासणारा एक किमॅन, आणि या साऱ्यांवर इन्स्पेक्टर. सात वर्षांच्या बांधकामावर जेवढे लिहिले गेले त्याचा लहानसा अंशही पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या या कामाच्या वाट्याला आला नाही.

ते काम नेमके काय होते? स्लीपरच्या दोन्ही अंगांची खडी उकरून बाजूला करायची. स्लीपर तिरका झाला असेल तर सरळ करायचा, रुळांमधले १६७६ मिलिमीटरचे अंतर तपासायचे, पहारींनी रूळ सरळ रेषेत आणायचा. मग मुकादम काही अंतरावर जाऊन रुळाशी डोळा लावतो, रुळाच्या माथ्याच्या कडेवरून नजर टाकतो आणि कुठे किती खचले आहे ते हाताच्या खुणेने सांगतो. तेवढा रूळ उचलला जातो. त्यानंतर एका स्लीपरला चार गडी लागतात, प्रत्येक रुळाशी दोन. स्लीपरच्या दोन अंगांना, एकमेकांच्या तिरक्या समोर उभे राहून ते बीटर या कुदळीसारख्या अवजाराने एकाच वेळी खडी आत ठासतात, म्हणजे दोन्हीकडून आलेला दगड नेमका रुळाच्या बैठकीखाली दाबून बसतो. स्लीपरचा मधला भाग मात्र मुद्दाम सैल ठेवायचा असतो. तो घट्ट भरला तर स्लीपर पोटावर तोलला जातो, दोन्ही टोके झुलतात आणि शेवटी तो मध्येच मोडतो. रुळांच्या सांध्यापाशी चाकांचा ठोका सर्वांत जोरात बसतो, म्हणून तेथली खडी पुन्हा तपासून पुन्हा भरायची. दगडाचा आकारही ठरलेला: जुन्या नियमांत लाकडी स्लीपरांसाठी ५० मिलिमीटर, लोखंडी पन्हळी स्लीपरांसाठी ४० आणि सांधे बदलण्याच्या जागी २५. स्लीपरखाली पोकळी किती आहे ते मोजून तेवढीच बारीक खडी फावड्याने पसरायची, ही फ्रान्स आणि इंग्लंडमधली रीतही पुढे भारतात आली. तीत तर मापाची अचूकता हेच सगळे काम.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. दगड ठासणे हे कष्टाचे खरे, पण त्यात कसब ते कसले? सुतार किंवा लोहार होण्यास वर्षे लागतात. बीटर हाती धरायला एक दिवस पुरतो. हे अर्धेच खरे आहे. बीटर एका दिवसात धरता येतो, पण कुठे किती ठासायचे आणि कुठे हात आवरायचा हे एका दिवसात कळत नाही, आणि काही मिलिमीटरांचा उतार नुसत्या डोळ्याने ओळखणे तर त्याहून अवघड. हे ज्ञान एका माणसात नव्हे तर गँगमध्ये साठलेले असते, त्यामुळे परीक्षा घेऊन दाखला देण्याच्या चौकटीत ते बसत नाही. शिवाय हे काम हाती वस्तू देत नाही. सुताराचे दार दिसते. चांगल्या ठासणीचे फळ म्हणजे गाडीला न बसलेला हादरा. जे घडले नाही त्याची नोंद कोणत्या वहीत करायची? हिशेबात उरतात ती माणसे आणि रोजंदारीचे दिवस, म्हणून कामाची किंमतही त्याच मापाने ठरली. रुळांवरच्या कामांना वर्षानुवर्षे हंगामी माणसे लावली गेली. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या आणि २७ मे रोजी मागे घेतलेल्या रेल्वे संपात सुमारे सतरा लाख कामगार उतरले असे सांगतात. त्याच्या मागण्यांत हंगामी कामगारांना कायम करण्याची मागणी होती. १९८५ मध्ये इंद्रपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरच्या हंगामी कामगारांना ३६० दिवसांच्या सेवेनंतर तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा देणारी योजना मान्य केली आणि तिची तारीख मागे नेली. ज्या कामाची गरज कायमची आहे ते करणाऱ्यांना हंगामी का म्हणायचे, हा प्रश्न न्यायालयापर्यंत जावा लागला, यातच आपली मोजण्याची पद्धत दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रांनी हे सारे कालबाह्य केले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडची मातिसा आणि ऑस्ट्रियाची प्लासर अँड थॉयरर या कंपन्यांची खडी ठासणारी टॅम्पिंग यंत्रे जगभर पसरली आणि १९६० च्या दशकापासून भारतातही आली. लाकडी स्लीपर सत्तर-ऐंशी किलोंचा असे. ब्रॉडगेजवरचा काँक्रीटचा स्लीपर पावणेतीनशे किलोंच्या आसपास जातो. तो चार गड्यांना हलवता येत नाही आणि बीटरच्या घावाने त्याच्या कडा फुटतात. जोडून लांब केलेले रूळ उन्हात प्रसरण पावून वाकू नयेत म्हणून आडव्या बाजूने खडीची घट्ट पकडही लागू लागली. यंत्र आले ते या सगळ्यामुळे, आणि त्याने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवले हे निःसंशय चांगले झाले. पण पोकळी भरण्याची गरज त्याने संपवली नाही. टॅम्पिंगच्या लोखंडी बोटांनी खडीच फुटते, तिचा भुगा तळाशी बसतो, पाण्याची वाट बुजते आणि काही वर्षांनी सगळी खडी उपसून चाळावी लागते. यंत्र गेल्यावर दगड पुन्हा बसेपर्यंत काही काळ गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो. पुलांची तोंडे, सांधे, फाटके, जेथे मार्गाचा स्वभाव एकाएकी बदलतो, तेथे हातांचे काम उरतेच. गँगमनचे पद ट्रॅकमन झाले, मग ट्रॅक मेंटेनर झाले, तरी गाडी येण्याआधी रुळाशेजारून चालणारा माणूस आहेच.

तिसरा आक्षेप भविष्याचा: खडीच नको. १९८४ मध्ये धावू लागलेल्या कोलकाता मेट्रोत भुयारातला मार्ग खडीविना आहे. मुंबई ते अहमदाबाद या जलदगती मार्गासाठी जपानी पद्धतीचे काँक्रीटचे फलक बसवले जात आहेत. वरवर पाहता सुट्या दगडाचा जमाना संपला. मात्र या फलकांच्या खाली काय आहे ते पाहावे. खालच्या काँक्रीटच्या पायावर फलक ठेवून, त्याची उंची आणि रेषा बारकाईने जुळवून, मधली फट सिमेंट आणि डांबर यांच्या मिश्रणाने भरली जाते. रेटा पसरवायचा आणि फलकाला नेमक्या पातळीवर धरायचे, हे खडीचेच काम हा थर करतो. फरक एवढाच की ही भर एकदाच घातली जाते, म्हणून ती घालताना चुकण्याची मुभा जवळजवळ उरत नाही. आणि खालची जमीन नंतर खचली तर खडीसारखे उकरून भरणे इतके सोपे राहत नाही. म्हणजे नव्या तंत्राने भरण्याची कला टाकून दिलेली नाही. वर्षानुवर्षे थोडी थोडी वापरली जाणारी अचूकता त्याने बांधकामाच्या काही दिवसांत कोंबली आहे. बोगद्यांत आणि उन्नत मार्गांवर हे योग्यच. पण फुगणाऱ्या काळ्या मातीवरून जाणाऱ्या, मालगाड्यांनी सतत दबणाऱ्या मार्गांना दुरुस्त करता येणारा पायाच परवडतो.

तेव्हा प्रश्न फक्त विसरलेल्या मजुरांची आठवण काढण्याचा नाही. बांधकामाचा खर्च भांडवली खात्यात जातो आणि त्याला उद्घाटन, कोनशिला, छायाचित्र लाभते. देखभालीचा खर्च चालू खात्यात जातो आणि बचतीची वेळ आली की पहिली कात्री तेथे लागते. इतिहासलेखनानेही नकळत हाच हिशेब उचलला. काय उभे राहिले ते लिहायचे, काय टिकवले गेले ते गृहीत धरायचे. भोर घाट १८६३ मध्ये बांधला गेला हे विधान कागदोपत्री खरे आहे, पण आज त्यावरून जाणारी गाडी ज्या खडीवर, ज्या स्लीपरांवर आणि ज्या पातळीवर चालते त्यातले १८६३ चे जवळजवळ काहीच शिल्लक नाही. ते सारे पुन्हा पुन्हा घातले गेले, चाळले गेले, उचलले गेले. मार्ग कोणी बांधला याचे उत्तर देताना अभियंत्याच्या आणि कंत्राटदाराच्या नावापुढे मुकादम आणि त्याची गँग लिहिणे हे औदार्य नव्हे, ती वस्तुस्थिती आहे. आणि ते मान्य केले तर गँगमध्ये माणसे किती असावीत, त्यांना शिक्षण किती द्यावे आणि पगार कोणत्या श्रेणीत बसवावा, हे प्रश्न काटकसरीचे न राहता थेट सुरक्षिततेचे होतात.